इचरजबाईंनी फक्त अडवायचं ठरवलं

इचरजबाई दूध घेताना मापाकडे कधी बघत नसत, दूधवाल्याच्या अंगठ्याकडे बघत. अंगठा मापात जेवढा बुडेल तेवढं दूध कमी, हा त्यांचा साधा हिशेब. कापड घ्यायचं तर आधी धागा ओढून काडीपेटीच्या काडीनं जाळायचा आणि त्याची राख बोटांत चोळून बघायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर त्या खायच्या आधी दुसऱ्या औषधवाल्याला दाखवायच्या. जालन्याच्या मस्तगडातले दुकानदार त्यांना लांबून येताना बघितलं की आपापली तराजूची पारडी पुसून ठेवत.

हे सगळं त्या हौसेनं करत असं नाही. मालक वारले तेव्हा मुलगा जिनेंद्र शाळेत होता आणि भांड्यांचं दुकान एकट्या बाईच्या अंगावर पडलं. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी गोड बोलून जवळ यायचा प्रयत्न केला, त्यातल्या प्रत्येकाचा हात दुसऱ्याच ठिकाणी होता. तेव्हापासून गोड बोलणं ऐकलं की इचरजबाईंचं लक्ष आधी हाताकडे जाई.

अशा घरात रुचि सून होऊन आली. शहागडची मुलगी, शिकलेली, कामाला चपळ. सासू सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला बसायच्या वेळी आसन आणि तोंडावर बांधायची मुखपत्ती न सांगता काढून ठेवायची. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांची ताटं झालेली असायची. सगळं इतकं बराबर की इचरजबाईंना त्याचाच घोर लागला. नव्या घरात आलेल्या पोरीचं कुठंतरी काहीतरी चुकतं, एखादी वाटी फुटते, एखाद्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडतं. हिचं काहीच कसं चुकत नाही?

दुपारची जेवणं झाली की रुचि वरच्या खोलीत जायची. दार लोटायची. मंग वरून धपाधप आवाज, कुणीतरी ओरडल्याचा, कुणीतरी पडल्याचा. इचरजबाईंना आधी वाटलं, सिनेमा असेल. भांडी घासायला येणाऱ्या बेबीनंदानं तो समज मोडून टाकला.

"भाभी, वर झाडू मारायला गेल्ते," ती म्हणाली. "छोट्या भाभी कानाला ते मोठं लावून कोणाशी तरी बोलून राह्यल्या. 'घाई करू नका, आधी अडवा, मंग मारा.' कोणाला मारायचं हो?"

"तुला काय करायचंय? परात घास." इचरजबाईंनी एक वाटी तिच्याकडे सरकवली. "आणखी काय म्हणाली?"

"'आज हात बराबर चालला तुमचा' म्हनल्या. अन् हसल्या."

"तुमचा?"

"तुमचा. अहो-जाहो करून राह्यल्या. म्हंजे मानूस इज्जतदार हाये."

"जल्दी घास," इचरजबाई म्हणाल्या.

जिनेंद्र तेव्हा माल बघायला मुरादाबादला गेला होता. फोनवर त्याला सांगणं सोपं होतं, पण इचरजबाईंनी फोन उचलून परत ठेवला. सांगितलं आणि ते खोटं निघालं तर सून कायमची तुटणार. खरं निघालं तर पोरगा तुटणार. असलं तोंडातून काढायच्या आधी आपल्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे, आणि जिनेंद्र परत यायच्या आत बघितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गुडघ्यावर हात ठेवून जिना चढल्या आणि दार न वाजवता आत गेल्या. रुचिनं झटकन कानावरचं उतरवलं. टीव्हीवर दोन माणसं एकमेकांसमोर उभी होती. त्यांच्या डोक्यावर दोन लांब पिवळ्या पट्ट्या, मध्ये उलटं पळणारं घड्याळ. एका पट्टीखाली इंग्रजी अक्षरं होती. भांड्यांच्या खोक्यांवरची नावं वाचून वाचून इचरजबाईंना मोठी अक्षरं लागत. पी. आर. आणि पुढं काही आकडे.

"खेळ आहे मम्मीजी, लढाईचा," रुचि म्हणाली. "भावानं दिलाय, त्याचा जुना खेळाचा डबा. शिकता का तुम्ही?"

चोरी धरली जात असताना माणूस इतक्या लवकर 'शिकता का' म्हणत नाही. आणि म्हणत असेल, तर तो पक्का असतो.

"बघते," एवढंच बोलून इचरजबाई खाली आल्या आणि 'प'वरून सुरू होणारी ओळखीतली सगळी माणसं त्यांनी मनात रांगेनं उभी केली. मोबाईलच्या दुकानातला प्रवीण. वरातीत सगळ्यांत पुढं नाचलेला, जिनेंद्रचा मित्र प्रफुल. शिकवणीवाला प्रदीप, जो त्यांना बघितल्यावर गरजेपेक्षा जास्त वाकून नमस्कार करायचा. प्रत्येकात खोट दिसत होती. खोट कोणात दिसत नाही?

खेळ शिकायचा, त्या खुर्चीत बसायचं आणि पी. आर.ला समोरासमोर गाठायचं, असं त्यांनी ठरवलं. अडचण एकच होती, मारामारीची. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी बाई ठोसे कशी मारणार? सकाळी जैन स्थानकात साध्वी महासतीजींपुढं बसून त्यांनी आडून विचारलं, "चित्रातल्या माणसाला मारलं तर दोष लागतो का?"

महासतीजी हसल्या. "चित्राला लागत नाही. मारताना तुमच्या मनात काय चाललं होतं, ते तुम्ही बघा."

मनात काय चाललं होतं ते इचरजबाईंना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिथंच हात जोडून नियम घेतला: खेळायचं, पण मारायचं नाही. फक्त अडवायचं. अडवण्यात कसली आली हिंसा?

रुचिनं त्यांच्या हातात तो बटणांचा रिमोट दिला आणि आधी खेळाडू निवडायला सांगितलं. इचरजबाईंनी एकेक बघत नाकारला. एकीच्या अंगावर पुरते कपडे नव्हते. एकाच्या गळ्यात कवट्या होत्या. एक लाल डोळ्यांचा होता, त्याच्याकडे बघून त्यांनी पदर सावरला. शेवटी पांढऱ्या दाढीचा, पायघोळ झग्यातला एक सापडला.

"हा. अंगभर कपडे घातलेला एकच आहे."

"हा म्हातारा अवघड आहे मम्मीजी. नवीन माणसाला सोपा जात नाही."

"कोणता म्हातारा सोपा असतो?"

रुचिनं त्यांचा डावा अंगठा एका बटणावर ठेवला. "हे चालायचं. इकडं दाबलं की पुढं, तिकडं दाबलं की मागं. उजव्या हाताची बटणं मारायची, ती तुम्हाला नकोत. आता मी मारते. तुम्ही फक्त मागं दाबून धरा. तोच बचाव."

इचरजबाईंनी दाबलं नाही. "मागं जायचं बटण आन् अडवायचं बटण एकच?"

"हो."

"मंग मला कसं कळणार, मी पळून राह्यले का अडवून राह्यले?"

रुचि म्हणाली, "समोरच्यानं मारलं की कळतं."

मारलं की कळलंच. पहिल्या दुपारी म्हातारा इतका आपटला गेला की इचरजबाईंना त्याची दया आली. डोक्यावर येणारा वार उभं राहून अडवायचा आणि पायावर येणारा खाली बसून, हे समजायला वेळ लागला. बसून राहिलं की तो वरून मारायचा, उभं राहिलं की खालून. "हा तर लबाड आहे," त्या म्हणाल्या. रुचि म्हणाली, "मीच खेळतेय मम्मीजी."

पण एकदा का त्यांना हाताकडे बघायचं सुचलं, तेव्हापासून गोष्ट बदलली. रुचिच्या खेळाडूचा खांदा मारायच्या आधी किंचित मागं जायचा. उडी मारायची असेल तर गुडघा वाकायचा. नुसतं मारल्यासारखं करून फसवायचं असेल तर खांदा जागचा हलायचाच नाही. आयुष्यभर लोकांचे अंगठे बघितलेल्या बाईला यापेक्षा जास्त काय लागतं? रुचि हूल द्यायची आणि पांढऱ्या दाढीवाला ढिम्म उभा राहायचा. तो कशावर विश्वासच ठेवायचा नाही. घड्याळ संपलं तरी दोघांच्या पिवळ्या पट्ट्या भरलेल्या होत्या.

"याला काय म्हणतात?"

"बरोबरी." रुचिच्या कपाळावर घाम होता. "मम्मीजी, तुम्ही भारी आहात."

स्तुती ऐकली आणि इचरजबाईंनी तिच्या हाताकडे बघितलं. दोन्ही हात रिमोटवर होते.

"पण नुसतं अडवून चालत नाही," रुचि म्हणाली. "समोरचा धरतो. हे बघा." तिचा खेळाडू सरळ चालत आला, म्हाताऱ्याला कमरेला धरलं आणि उचलून पाठीवर टाकलं.

"मी अडवलं ना?"

"अडवून बसलेल्यालाच धरता येतं. एरवी अडवणाऱ्याला कोणी हरवूच शकलं नसतं."

ही खेळाबद्दल बोलून राहिली की माझ्याबद्दल, असं इचरजबाईंच्या मनात आलं. रुचिचा चेहरा साधा होता. साधा चेहरा हाच तर घोर.

"यातून सुटायचं कसं?"

"त्यानं धरलं की लगेच तुम्हीही ही दोन बटणं एकदम दाबायची. सुटता. हे मारणं नाही, सोडवून घेणं आहे, चालेल ना तुमच्या नियमात?"

चालणार होतं, पण जमत नव्हतं. दरवेळी म्हातारा हवेत गेल्यावर बटणं दाबली जायची. मारणारा कळतो, त्याचा खांदा सांगतो. नुसता चालत जवळ येणारा ओळखायचा कसा?

रिमोट खाली ठेवता ठेवता इचरजबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एरवी तू कोणासोबत खेळतेस?"

"आहेत ओळखीचे," रुचि म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. गुंडाळलेली वायर तिनं सोडून परत गुंडाळली.

त्यानंतर इचरजबाईंच्या संशयाची खात्रीच झाली. शेजारच्या बायका चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघाल्या होत्या. इचरजबाईंनी गुडघ्याचं निमित्त सांगून स्वतःचं जाणं टाळलं आणि रुचिला आग्रह करून पाठवलं. "जा, जिनेंद्रचा प्रवास नीट होऊ दे म्हणून माथा टेकव." गाडी गल्लीतून वळेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. मंग दाराला आतून कडी लावून जिना चढल्या.

डबा सुरू केला. कानाला ते मोठं लावलं, केस दबले. म्हाताऱ्याला निवडलं. नवकार मंत्र म्हटला आणि म्हणता म्हणता लाज वाटली की आपण कशासाठी म्हणतोय. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली. पी. आर. बोलावून राहिला होता. त्यांनी 'हो'चं बटण दाबलं.

समोर एक आडदांड पहिलवान आला. त्याचे ठोसे चपळ होते. इचरजबाईंनी ते सगळे अडवले. पण त्याच्या चालण्यात काहीतरी होतं. मारायचा झपाझप आणि पाऊल टाकताना मात्र अडखळायचा. पुढं यायचं तर दोन पावलं टाकून थांबायचा, पुन्हा एक टाकायचा. तरुण माणूस असा चालत नाही. कानात श्वास ऐकू येत होता, जड.

"रुचि, आज मारत का न्हाईस?"

आवाज आपल्याच बोलीतला, मारवाडी वळणाचा. म्हणजे समाजातलाच कोणीतरी. शब्द मात्र जड जिभेनं, एकेक करून येत होते.

"मम्मीजी काही बोलल्या का? बोलल्या तर ऐकून घे. त्या मनानं वाईट न्हाईत, त्यांना फसवलंय लोकांनी." पहिलवान एकेक पाऊल टाकत पार जवळ आला. "हे बघ, धरलं. तूच शिकवलंस, अडवून बसलेल्याला धरायचं."

म्हातारा पाठीवर पडला. आणि इचरजबाईंच्या तोंडून निघून गेलं, "कोण बोलतंय?"

पडद्यावर पहिलवान हात खाली सोडून उभा राहिला.

"समधनजी?" आवाज म्हणाला.

शहागडवाले. रुचिचे वडील. घरात त्यांचं नाव कधी घेतलंच जात नव्हतं. समधी म्हणजे शहागडवाले, व्याहीभेटीतही शहागडवाले, आजारपणाची बातमी आली तेव्हाही 'शहागडवाल्यांना झटका आला, डावी बाजू गेली.' लग्नाच्या पत्रिकेत पुखराज रांका असं छापलेलं होतं, पण पत्रिका कोण लक्षात ठेवतं? सगळ्या जालन्यातले 'प' तपासले आणि हे एक नाव रांगेत उभंच केलं नव्हतं.

तरी इचरजबाई एकदम विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"तुम्ही शहागडवालेच कशावरून? लग्नाच्या जेवणात मी काय खाल्लं न्हाई, सांगा."

"काय खाल्लं ते विचारा समधनजी, लवकर सांगून होईल." जड जिभेतूनही हसू आलं. "बासुंदी बोटावर घेऊन उन्हात धरली होती तुम्ही. आचारी आठ दिवस तेच सांगून राह्यला होता गावात."

तेच होते.

"हे काय चाललंय मंग?" इचरजबाईंनी विचारलं. "बापाशी बोलायला दार लोटून?"

"तुमचा नियम मोडायचा नव्हता," पुखराजजी म्हणाले. "माहेरी फोन रविवारी, एकदाच."

नियम त्यांचाच होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच घातला होता. गल्लीतल्या एका घरात माहेरच्या फोनांनी सून सहा महिन्यांत परत गेली होती, ते डोळ्यांपुढं होतं. रुचि 'हो मम्मीजी' म्हणाली होती. इतक्या लवकर हो म्हणाली म्हणून तेव्हाही शंका आलीच होती.

"डाव्या हाताची बोटं हलती ठेवा म्हणाले डॉक्टर," ते सांगत होते. "रबरी चेंडू दिला दाबायला. तो कोण दाबतो दिवसभर? रुचि म्हणाली, हा खेळ खेळा, मी शिकवते. पोराचा दुसरा डबा होताच घरी. फोन न्हाई, म्हणून नियमात बसतं, असं तिनं धरलं. पण पळवाट ती पळवाट. मला रोज टोचायचं. मुलीच्या घरचं पाणी घेत न्हाई मी. दवाखान्यासाठी जालन्याला आलो तरी गाडीतूनच परत गेलो, वर आलो न्हाई. आन् तिची रोजची दुपार घेऊन राह्यलो. आजपासून बंद करतो. तुम्ही तिला बोलू नका, एवढंच."

घड्याळ उलटं पळत होतं. इचरजबाईंना वाटलं, हो म्हणावं. नियम जागेवर राहील, झाकली मूठ राहील. जिनेंद्रला सांगण्यासारखं काही उरणार नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं. पहिलवान दोन पावलं टाकून थांबलेला होता. तो तसा का चालतो, ते आता कळत होतं. चालायचं बटण डाव्या अंगठ्याचं.

"रुचिला हरवता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"रोज?"

"रोज."

"ती हरून देऊन राह्यली तुम्हाला. माझे हाल केले तिनं, तुमच्याकडून कशी हरेल?"

पुखराजजी म्हणाले, "ठाऊक आहे मला. ती खुश होते, म्हणून बोलत न्हाई."

"मंग दोघं मिळून एकमेकांना फसवून राह्यले. हात कसा सुधरायचा?" इचरजबाईंनी बूड सावरून रिमोट नीट धरला. "या पुढं. मी मारणार न्हाई, माझा नियम आहे. पण सोडणार पण न्हाई. धरायचं असेल तर चालत या."

ते आले. अडखळत, थांबत, पुन्हा एक पाऊल. इचरजबाई मागं मागं सरकत राहिल्या. कोपऱ्यापर्यंत यायला पहिलवानाला सगळं घड्याळ लागलं, आणि त्यानं धरलं तेव्हा त्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली. म्हातारा सुटला. कानात शहागडवाले धापा टाकत म्हणाले, "पुन्हा."

संध्याकाळी रुचि राजूरहून आली, हातात प्रसादाची पुडी. इचरजबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझ्या पप्पांचा डावा अंगठा अजून ढिला आहे."

रुचिच्या खांद्यावरची पिशवी तशीच राहिली. "मम्मीजी, मी सांगणार होते..."

"कधी?"

रुचि पुडीचा दोरा बोटाला गुंडाळायला लागली.

"तेच. सांगणार नव्हतीस." इचरजबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "चूक तुझी आहे. मला वेगळंच वाटलं, ती माझी. जिनेंद्रला मी काही बोलले न्हाई, ते बरं झालं. आता ऐक. फोन जेव्हा करावा वाटेल तेव्हा कर. इथं खाली बसून कर. मला ऐकू येईल, ते येऊ दे. आन् वर तू त्यांच्याशी थोडं कमी खेळायचं, जास्त मी."

"तुम्ही?"

"तू जिंकू देतेस त्यांना. ते जागेवर उभं राहून मारतात, तू पुढं जाऊन मार खातेस. अंगठ्याला कामच न्हाई. मी नुसती मागं सरकून अडवत बसते, त्यांना चालत यावंच लागतं."

रुचिनं प्रसादाची पुडी देवापुढं ठेवली आणि तिथंच, पाठमोरी, डोळ्याला पदर लावला. का लावला, हे इचरजबाईंनी विचारलं नाही. मात्र ही आता आधी देवाला हात जोडते की आधी शहागडला फोन लावते, तेवढं बघायला तांदळाचं ताट घेऊन त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.